अर्ध्या पाखराचं विमान

वलगावच्या नामदेवकाकांच्या विमानावर मी अर्धं पाखरू जास्तीचं चिकटवलं. नुसतं चिकटवलं नाही, तर ते बरोबर असल्याचं छापील कार्ड सोबत दिलं. त्यावरही भागलं नाही, म्हणून सगळ्या गावासमोर माइक हातात घेऊन, ज्या माणसानं ते विमान स्वतः रंगवलं होतं त्यालाच त्याची आठवण चुकते आहे असं सांगितलं. ह्या अंकाच्या संपादकांनी मला ‘तुमच्या जगावेगळ्या धंद्यातल्या गमती लिहा’ असं कळवलं आहे. गमती पुष्कळ आहेत, त्या लिहितोही. पण हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं लिहायला हात होत नाही.

अमरावतीत माझं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘रेडियम, नंबर प्लेट, ट्रॉफी’ असं आहे आणि खाली, जागा उरली तेवढ्यात, ‘विमान मॉडेल’. पाटी वाचून लोक हसतात आणि मग आत येऊन किंमत विचारतात. ही विमानं उडत नाहीत. फायबरची, दोन-तीन फूट लांब, पितळी दांड्यावर उभी. ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर किंवा कुणाच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या बाजूला ती तुम्ही पाहिली असतील. सांगाडा बाहेरून येतो, पांढराफटक. त्याच्यावर रंग, पट्टे, नाव, खिडक्या, दारं, नंबर हे सगळं चढवणं माझं काम. ह्या सगळ्या पोशाखाला लिव्हरी म्हणतात. लहान अक्षरं डिकॅलची असतात: पातळ पापुद्र्यावर छापलेली, पाण्यात भिजवून बोटानं हळूच सरकवून बसवायची. बसली की वाटतं, रंगवलीच आहेत.

ह्या कामात आलो तोच चुकून. अकोल्याचा एक ट्रॅव्हल एजंट मोडक्या अक्षरांचं विमान घेऊन आला. मी मोटारसायकलींवर नावं कापून देणारा माणूस, मला काय अवघड! डाव्या बाजूचं कापलं आणि उजव्या बाजूसाठी मशीनला सगळंच उलटं कापायला लावलं. विमान परत गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला.

“भाऊ, डाव्या बाजूनं पाह्यलं तं विमान जाऊन राहिलं. उजव्या बाजूनं पाह्यलं तं आरशात गेलं. गिऱ्हाईक मले म्हणते, तिकीट कोणत्या बाजूचं देता?”

तेव्हा शिकलो की पट्टा आरशातल्यासारखा उलटतो, अक्षरं उलटत नाहीत. डाव्या बाजूला नाव नाकाकडून शेपटीकडे वाचायचं, उजव्या बाजूला शेपटीकडून नाकाकडे. मग एकेक कळत गेलं. दारांभोवती वेगळ्या रंगाची चौकट असते, ती शोभेची नाही. अपघात झाला तर बाहेरच्या माणसाला दार कुठं आहे ते लगेच दिसावं म्हणून. पंखावर ‘इथं पाय ठेवू नका’ असं लिहिलेलं असतं. शेपटीजवळचा नंबर म्हणजे त्या विमानाचं स्वतःचं नाव. एकाच कंपनीच्या एकसारख्या दोन विमानांतही बारीक फरक असतात आणि जाणता माणूस आधी नंबर वाचतो, मग बाकीचं पाहतो. मला ह्या बारकाव्यांचं वेड लागलं. खिडक्या मोजताना मी जेवण विसरतो असं माझी बायको सुनीता सांगते. ती हे कौतुकानं सांगते असा माझा बरेच दिवस समज होता.

गिऱ्हाइकं मात्र वेडाची कदर करतील तर शपथ. अकोल्यात एक सर हवाई सेविकांचा क्लास चालवत. त्यांना खिडक्या मोठ्या हव्या होत्या. “येवढ्या लायन्या खिडकीतून पोरगी दिसन काय? तिचा फोटो चिटकवाचा हाय मले तिथं.” मी म्हटलं, सर, मग विमान बस दिसेल. ते म्हणाले, “दिसू द्या. पालक बसनंच येतात.”

पातूरचे एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी पहिल्यांदा परदेशी गेली ते विमान त्यांना हवं होतं. सगळं जुळवून दिलं, तर म्हणाले, तिची खिडकी दाखवा. जागेचा क्रमांक त्यांना पाठ होता. मी खिडकी मोजून काढली. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काडेपेटीतून लाल टिकली काढली आणि त्या खिडकीवर लावायला सांगितली. मी लावली, पण त्या विमानाला कार्ड दिलं नाही.

कार्डाचं सांगायला हवं. कामात हात बसल्यावर मी एक कार्ड छापून घेतलं. ‘या प्रतिकृतीवरील रंग, अक्षरे व खुणा मूळ विमानाशी ताडून पाहिल्या आहेत.’ खाली माझी सही आणि गोल शिक्का. मूळ विमान मी कधी जवळून पाहिलेलं नसायचं. ताडायचो ते इंटरनेटवरच्या फोटोंशी. पण गोल शिक्क्याचा आपल्याकडे फार वचक आहे. लोक कार्ड लॅमिनेट करून विमानाशेजारी ठेवायचे. सुनीता म्हणायची, “शिक्का मारला का तुमचं डोकं बंद.” मी हसण्यावारी न्यायचो. मूळ विमानावर लाल टिकली नव्हती, म्हणून पातूरच्या बापाला कार्ड नाही, इतका मी काटेकोर होतो.

आणि मग दोन वर्षांपूर्वी वलगावचा प्रमोद, नामदेवकाकांचा मुलगा, आला. प्रमोद आणि त्याच्या घरचे भाजीपाला पिकवतात. वांगी, कोथिंबीर, थोडा झेंडू. सकाळी अमरावतीच्या बाजारात माल टाकून तो दुकानात आला होता. हातात वांग्यांची पिशवी आणि घडी घातलेला कागद.

“आमचे बाबा विमानं रंगवत मुंबईले. खऱ्याखुऱ्या विमानायचा कारखाना होता ना, तिथं. आता पंच्याहत्तर पुरे होऊन राहिले. शायेत सत्कार हाय. त्यायच्या हातचं विमान मॉडेल करून शायेले द्यायचं हाय. बाबानं सारं लिहून देल्लं.”

कागदावर नामदेवकाकांचं अक्षर, छापल्यासारखं. विमानाचा नंबर. पट्ट्याची जाडी. निळ्या रंगाची छटा. ती कंपनी कधीच बंद पडली. तिच्या शेपटीवर पंख पसरलेलं निळं पाखरू असायचं. आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: ‘रडर पूर्ण पांढरं. पाखरू अर्धंच. पूर्ण करू नये.’

रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा मागचा भाग, दारासारखा डावी-उजवीकडे हलणारा. पाखराचं डोकं आणि एक पंख पुढच्या स्थिर भागावर, दुसरा पंख आणि शेपूट मागच्या रडरवर. म्हणजे काका सांगत होते, पाखरू मधोमध कापलेलं ठेवा. मी विचारलं, असं का?

प्रमोद ओशाळून हसला. “थे त्यायची ष्टोरी हाय. गावात सांगून सांगून लोकं त्यायले अर्ध्या पाखराचे काकाच म्हंतात.”

ष्टोरी अशी होती. एका विमानाच्या रडरला जमिनीवरच गाडीचा धक्का लागला. नवीन रडर आलं, कोरं पांढरं, आणि बसवलं. दुसऱ्या दिवशी कुणी मोठी असामी त्या विमानानं जाणार होती. साहेब म्हणाला, नामदेव, आज संध्याकाळपर्यंत पाखरू पूर्ण कर. काकांनी नाही म्हटलं. रडर बसवलेलं असताना रंगवायचं नसतं. ते काढायचं, रंगवायचं, मग तराजूवर तोलून पाहायचं, कारण रंगालाही वजन असतं. तोल गेलेलं रडर वेगात फडफडायला लागलं तर शेपूट फाटू शकते. साहेब ओरडला. काका म्हणाले, लिहून द्या, मग रंगवतो. साहेबानं लिहून दिलं नाही. ते विमान पुढची रंगकामाची पाळी येईपर्यंत, काही महिने, अर्ध्या पाखरानं उडत राहिलं आणि काकांना तेवढे दिवस शिड्या आणि ट्रॉल्या रंगवायला लावलं.

मी कागद ठेवून घेतला आणि नेहमीप्रमाणे फोटो शोधायला बसलो. त्याच नंबराचे तीन स्वच्छ फोटो मिळाले. तिन्हींत पाखरू पूर्ण. मला बरं वाटलं. आता खरं सांगायचं तर बरं वाटण्याचं कारण वेगळं होतं. अर्धं पाखरू म्हणजे पाहणाऱ्याला वाटणार, विलासभाऊचं डिकॅल फाटलं किंवा काम अर्धं सोडलं. शाळेत ते कायमचं राहणार, खाली माझ्या दुकानाचं नाव असणार. म्हातारपणी माणूस गोष्ट थोडी फुगवून सांगतो, असं मी स्वतःला समजावलं. पाखरू पूर्ण केलं. फार सुरेख जमलं होतं. शिक्का मारला, कार्ड लावलं.

सत्काराला मला बोलावलं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, झेंडूचे हार त्यांच्याच मळ्यातले. विमानावरचं कापड बाजूला केलं. टाळ्या झाल्या. काका उठले, चष्मा पुसला, विमानाच्या डावीकडून उजवीकडे गेले, शेपटीजवळ थांबले.

“हे मायं विमान नाई,” ते म्हणाले.

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “काका, पाखरू तं पुरं हाय!” आणि मांडव हसला. दुसऱ्यानं भर घातली, “अर्धं मुंबईले उडालं होतं, आता वापस आलं!”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे माइक दिला. तज्ज्ञ म्हणून. मी कार्ड वर धरलं. म्हणालो, मी तीन फोटो ताडून पाहिले आहेत. काकांच्या कामाबद्दल आदर आहेच. पण वयोमानानं कधीकधी आठवणी एकमेकींत मिसळतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. किती समजूतदारपणे बोललो मी! लोकांनी टाळ्याही वाजवल्या. काका माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. रंगवलेल्या पत्र्यावर एखादा फोड दिसावा तसं पाहत होते. मग खाली बसले आणि हाराच्या पाकळ्या मोजत राहिले.

आता दुसरी कबुली. फोटो तीन नव्हते, चार होते.

चौथा लांबून काढलेला, धूसर होता. नंबर वाचता येत होता. आणि शेपटीचा मागचा भाग पांढरा दिसत होता. मी तेव्हा म्हटलं, ऊन चमकलं असेल. काम पूर्ण झालं होतं, डिकॅल बसलं होतं, वरून लॅकरचा, म्हणजे चकाकीच्या पारदर्शक थराचा, हात फिरला होता. मी तो फोटो बंद केला. मांडवात बोलताना तो मला आठवत होता. ‘तीन’ म्हणताना जीभ किंचित अडली होती. पण माइक खरखरत होता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठेक महिने गेले. प्रमोद वांगी घेऊन पुन्हा आला, पुतण्याच्या गाडीला नंबर प्लेट हवी होती. मी सहज विचारलं, काका कसे आहेत?

“हायेत. बोलत नाई जास्त. भाऊ, तुमी बरं सांगतलं त्या दिवशी. आमच्या ध्यानातच नव्हतं का बाबाचं डोकं चुकून राहिलं. आता आमी त्यायले फवारणीचं औषध कालवू देत नाई. इतके दिवस थेच कालवत. चुकून जास्त पडलं तं?”

“मग आता कोण कालवतं?”

“मीच.” त्यानं वांग्यांची पिशवी टेबलावर सरकवली. “मागच्या फवारणीले वांग्याची पानं जळाली. जास्त झालं माह्याकून.”

“काका काय म्हणाले?”

“काई नाई. बांधावर उभे राहून पाह्यत होते. मी म्हटलं बाबा, सांगाचं तं होतं. तं म्हणे, मायी आठवण चुकते ना बावा, मी काय सांगू.”

तो गेल्यावर मी चौथा फोटो काढला. मोठा करून पाहिला. ऊन चमकलं असेल म्हणालो होतो. आकाश ढगाळ होतं. विमानाखाली सावलीसुद्धा नव्हती. पाखराचं डोकं होतं, एक पंख होता, आणि जिथं रडर सुरू होतं तिथं सुरीनं कापल्यासारखं पाखरू संपत होतं.

सुनीताला दाखवलं. तिनं एकच विचारलं, “हा कधी मिळाला?” मी फोटो बंद करायला गेलो. तिला तेवढं पुरलं. म्हणाली, “वांगी खाल्ली ना त्यायच्या घरची? मंग जा.”

रविवारी वलगावला गेलो. काका अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले होते, सगळ्या एका मापाच्या. मी फोटोची प्रत समोर ठेवली आणि सांगून टाकलं. फोटो आधीपासून होता, मी पाहिला होता, लपवला. माफी मागितली. पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

“मले काहून सांगता, विलासभाऊ? मले तं मालूमच होतं.” फोटो त्यांनी हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला. “ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा. बोलतानी माइक होता ना तुमच्या हातात?”

मी म्हटलं, सांगतो. आधी मॉडेल दुरुस्त करतो.

“घरी नेऊ नका. इथं करा. माह्यासमोर.”

शाळेतून विमान त्यांच्या ओसरीवर आलं. रडरवरचा लॅकर, अर्धं पाखरू, सगळं घासून काढायला दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी पांढरा रंग दिला आणि समाधानानं मागे सरकलो.

“हे पांढरं कोणतं?” काकांनी विचारलं.

“विमानाचंच.”

“थेच तं चुकलं. विमान जुनं होतं, उन्हानं पिवळं पडेल होतं. रडर नवं. त्याचं पांढरं वेगळं. जरासं निळ्याकडे.” आणि आत वळून हाक मारली, “प्रमोद! थो चमचा आन.”

प्रमोद आतून मापाचा चमचा घेऊन आला, औषध कालवायचा, घासून चकचकीत केलेला. काकांनी त्या चमच्यानं माझ्या पांढऱ्यात निळ्याचा थेंब टाकला, काडीनं ढवळलं, बोटाच्या नखावर लावून उन्हात धरलं, आणखी अर्धा थेंब टाकला. आम्ही दोघं बाजूला उभे होतो, एक ज्यानं पाखरू जास्तीचं लावलेलं आणि एक ज्याच्या हातून औषध जास्तीचं पडलेलं. वीस वर्षं लिव्हरी करणारा मी, दोन पांढऱ्यांतला फरक मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. चौथ्या फोटोतही तो होताच, पण मला तिथं ऊन दिसत होतं.

“दिसलं?” काका म्हणाले.

“दिसलं, बाबा,” प्रमोद म्हणाला. ते मला विचारत होते.

जुनं कार्ड मी फाडून टाकलं. नवं छापून घेतलं, ह्या एका विमानापुरतं: ‘रंग व खुणा नामदेवराव यांनी सांगितल्याप्रमाणे.’ शिक्का नाही. पातूरच्या गृहस्थांनाही मग एक कार्ड पोस्टानं पाठवलं, उशिरा का होईना. ‘टिकली योग्य खिडकीवर आहे.’

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गाव शाळेच्या पटांगणात थांबलं होतं. मांडव नव्हता, खुर्च्या मोजक्याच होत्या. विमान टेबलावर, शेपूट लोकांकडे. मुख्याध्यापकांना मी आधी सांगून ठेवलं होतं. तेही अवघडले होते. काका पहिल्या खुर्चीवर बसले होते, प्रमोद मागे उभा. मी माइक घेतला. तो तसाच खरखरत होता. पुढच्या रांगेतून आवाज आला, “आता काय, उरलेलं अर्धंबी उडालं काय?” काही जण हसले. मी हसणं थांबेपर्यंत थांबलो आणि जे बोललो ते इथं जसंच्या तसं देतो, कारण ते कागदावर लिहून नेलं होतं:

“मागच्या वेळी ह्याच माइकवरून मी म्हणालो की नामदेवकाकांची आठवण चुकते. आठवण चुकली नव्हती. मी तीन फोटो पाहिले असं सांगितलं. मी चार पाहिले होते. चौथ्यात पाखरू अर्धंच आहे, तो फोटो इथं टेबलावर ठेवला आहे, सगळ्यांनी येऊन पाहावा. पाखरू अर्धं का राहिलं ते फोटोत दिसत नाही, ते काकांनी तुम्हाला इतकी वर्षं सांगितलंच आहे. ते बोलले तसंच झालं, असं मी मानतो. माझ्या दुकानाचं काम अर्धवट दिसू नये म्हणून मी एका माणसाचा शब्द खोटा ठरवला, आणि त्यामुळे त्यांच्या घरात त्यांच्या हातातून काम काढून घेतलं गेलं. ते पाप प्रमोदचं नाही, माझं आहे. काका, मी तुम्हाला लोकांसमोर खोटं पाडलं, म्हणून लोकांसमोर सांगतो. चूक माझी होती आणि ती मला माहीत होती. मला माफ करा.”